खरवडलेली रेघ

काव्यश्रीने कागद उलगडून माझ्या टेबलावर पसरला आणि तो गुंडाळून जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या. माझा चष्म्याचा डबा, तिचा फोन, फळ्याचं डस्टर आणि माझाच कॉफीचा पेला. "सांडणार नाही मॅडम, मी लक्ष ठेवते," असं वर मलाच सांगितलं. मी पेला उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. अमोनियावर काढलेला नकाशाचा जुना प्रिंट होता तो, निळा रंग उडून जांभळट झालेला, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्ट्या लावून जगवलेला. डाव्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता आणि बाणाच्या शेपटीला एक बारीकसं पान काढलेलं होतं. असं पान अख्ख्या बेंगळुरूत एकच मुलगी काढायची. ती तेवीस वर्षांची होती, बसवनगुडीत भाड्याच्या खोलीत राहायची, आणि नकाशावरच्या बाणाला पान काढलं की आपण इतरांपेक्षा कुणीतरी वेगळ्या आहोत असं त्या शहाणीला वाटायचं. आता ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. जूनमध्ये निवृत्त होणार आहे.

"हे कुठे मिळालं तुला?" मी विचारलं. "आमच्या घरामागच्या लेआउटच्या सोसायटीत, मॅडम. सेक्रेटरी अंकलनी कपाट साफ करायला काढलं होतं. म्हणाले, घेऊन जा, नाहीतर रद्दीतच जाणार." ती पाचव्या वर्षाला आहे. बारीक, तेल लावून चापून बसवलेले केस, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते आणि हटत नाही. मला अशा मुली आवडतात आणि त्यांची भीतीही वाटते. तिने कागदावर बोट ठेवलं. "आता इथे बघा. हा वरचा तलाव, हा खालचा तलाव. मधे सगळे प्लॉट पाडलेत. पण प्लॉटांच्या खाली हा एक धुरकट पट्टा दिसतोय ना? वरपासून खालपर्यंत. परीक्षक बेलिअप्पा सर म्हणतात, डाग आहे, जुन्या कागदाला डाग पडायचेच. पण मॅडम, डाग असा वळणं घेत घेत तलावापर्यंत बरोब्बर कसा जाईल?" ती म्हणाली, "डागाला काय पत्ता माहीत असतो का?" आणि स्वतःच हसली. मी म्हटलं, ठेवून जा, बघते. तर म्हणाली, "नाही मॅडम, एकच प्रत आहे. फोटो पाठवते तुम्हाला." आणि कागद गुंडाळून घेऊन गेलीसुद्धा. तिने माझ्यावर विश्वास टाकला नाही याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला हायसं वाटलं. लाज वाटावी इतकं हायसं वाटलं.

तो डाग नाही, हे जगात फक्त मला माहीत होतं. ट्रेसिंगच्या कागदावर शाईची रेघ चुकली की खोडरबराने जात नसे. ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं पातं चिमटीत धरायचं, आडवं धरून हलक्या हाताने शाई खरवडायची. जोर दिला की कागदाला भोक. खरवडलेल्या जागेचा कागद मग केसाळ होतो, त्यावर नवी शाई पसरते, म्हणून त्या जागेवर नखाची पाठ घासघासून तो पुन्हा गुळगुळीत करायचा. कितीही केलं तरी कागद तिथे पातळ झालेला असतो, आणि प्रिंट काढला की तेवढाच भाग धुरकट येतो. हल्लीच्या पोरांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना एक बटण दाबलं की रेघ जाते, मागे खूणसुद्धा राहत नाही. बेलिअप्पा माझ्याहून बारा वर्षांनी लहान, त्यालाही ठाऊक नसणार. कोदंडराम सर, ज्यांच्या ऑफिसात मी तेव्हा उमेदवारी करत होते, ते जाऊन वीस वर्षं झाली. ज्या म्हाताऱ्या सर्व्हेअरने मूळ नकाशा शाईत काढला होता तो तर त्यांच्याही आधी गेला. उरले मी. साडेतीन तास लागले होते मला तो नाला खरवडायला. कुणी विचारलं तर मिनिटांसकट सांगेन.

काव्यश्रीच्या घराला लाल खूण केलेली होती, ते मला महिनाभर आधीपासून माहीत होतं, पण ते घर नेमकं कुठलं ते मी विचारलं नव्हतं. आमच्या शहरात आता दर पावसाळ्यात कुठला ना कुठला लेआउट बुडतो. पाणी शिरलं की महानगरपालिकेची माणसं येतात, पाणी ज्या गल्लीतून वाहिलं ती गल्ली म्हणजे नाला असं ठरवतात, आणि गल्लीतल्या घरांवर लाल रंगात आकडे घालून जातात. आकडा म्हणजे भिंत कुठवर पाडायची ते. तिच्या घराला तेरा फूट लिहिलं होतं. तेरा फूट गेले तर उरतं काय, तर मोरी आणि तुळस. तिचं म्हणणं असं की आमचं घर नाल्यात नाही, नाला दुसरीकडून जात होता, तो लेआउटवाल्यांनी बुजवला म्हणून पाणी आमच्या गल्लीत आलं. तोच तिचा थिसिसचा विषय: मूळ नाला शोधून काढायचा, आणि तो पुन्हा वाहता करून त्याच्या कडेने वस्तीची रचना नव्याने करायची. सोमवारी पालिकेत सुनावणी होती. त्याआधी शुक्रवारी ज्युरी, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा. मागच्या ज्युरीत बाहेरचा परीक्षक म्हणून आलेला बेलिअप्पा सरळ म्हणाला होता, "आजोबांच्या गोष्टींवर थिसिस होत नाही, काव्यश्री, कादंबरी होते. पुरावा आण, नाहीतर नापास करीन. आणि नाला नसताना नाला काढलास तर सुनावणीत तुझ्याच घरच्यांचं हसं होईल." माणूस वाईट नाही तो. खरं तेच बोलला.

आणि मी कोण, तर परिसराच्या बाई. कॉलेजात मला तेच म्हणतात. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी इमारतीची एक रेघ काढू देत नाही. आधी प्लॉटवर जायचं, तिथे पाणी कुठून येतं ते चढणीच्या दिशेने चालत जाऊन बघायचं, मग ते कुठे जातं ते उताराने चालत जाऊन बघायचं, आणि वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. चालून आल्यावर वही भरायची. पाण्याची वही. तीस वर्षं हे चाललंय. सुरुवातीला हसायचे. एक सहकारी म्हणायचा, "सुगुणा, तू आर्किटेक्ट घडवतेस की पाणके?" आता काळ असा फिरलाय की विद्यापीठाने ठरवलंय, तेवीस कॉलेजांत जूनपासून पाण्याची वही सक्तीची, अभ्यासक्रम मी लिहायचा आणि निवृत्तीनंतर त्याची प्रमुखही मीच. वर्तमानपत्रात फोटो आला. लोक विचारतात, मॅडम, तुम्हाला हे इतक्या आधी कसं सुचलं? मी हसून म्हणते, असंच. असंच कसलं डोंबल! साडेतीन तास ब्लेड घासल्यावर सुचलं. प्रायश्चित्त घ्यायला गेले आणि माझा सत्कार झाला.

बुधवारी वर्ग होता. मी फळ्यावर उताराच्या रेषा काढत होते आणि खडू घासल्याचा आवाज कानात ब्लेडसारखा यायला लागला. हे मला नवीन नाही. कुठल्याही घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं की आधी माझे तळवे कान देतात. खाली काय आहे? फरशीखाली काही सरकतंय का? लोक दिवाणखाना दाखवतात, मला फक्त जमिनीतला ओलावा जाणवतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या वास्तुशांतीला मी पूजेच्या मधेच उठून बाहेर गटाराचा उतार बघायला गेले होते, ते तिने मला अजून माफ केलेलं नाही. पण सगळ्यात वाईट म्हणजे ते बोट. कुठलाही नकाशा पसरला की कागदावर एक काळं, रुंद, नखात माती असलेलं बोट येतं आणि हळूहळू चालायला लागतं. मी मान फिरवते. मान फिरवून काय होणार? ते बोट कागदावर नाहीच मुळी.

ते मुनिवेंकटप्पाचं. तेव्हा तिथे लेआउट नव्हता, शेतं होती, नाचणीची आणि थोडी भाताची, आणि तो त्या तलावाचा नीरुगंटी होता. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं ते ठरवणारा माणूस, बापजाद्यांपासून तेच काम. कोदंडराम सरांनी मला जागा बघायला एकटीला पाठवलं होतं, हातात सर्व्हेचा नकाशा देऊन. तीन वर्षं पाऊस ओढ देत होता, नाला कोरडा ठाक, त्यात करंजाची झुडपं वाढलेली. मला तो कळलाही नसता. हा खांद्यावर टॉवेल टाकून माझ्यामागे चालत आला आणि म्हणाला, "अम्मा, तू पाण्याच्या वाटेत उभी आहेस." मी दचकून बाजूला झाले. तो हसला. "आता नाहीये पाणी. पण त्याला वाट ठाऊक आहे." मग मला त्याने वरच्या तलावापासून खालच्या तलावापर्यंत चालत नेलं, उन्हातनं, थांबत थांबत. इथे दगडी पायरी आहे, इथे पाणी जरा रेंगाळतं, इथे अमक्याच्या शेताचा वाटा. शेवटी मी दगडावर नकाशा पसरला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने एकदा सूर्याकडे बघितलं, कागद फिरवून घेतला, आणि निळ्या रेघेवर बोट ठेवून ते तलावापासून तलावापर्यंत चालवत नेलं, जिथे जिथे आम्ही थांबलो होतो तिथे तिथे थांबत. एक वळण चुकलं नाही. म्हणाला, "बरोबर काढलंयस." मी म्हटलं, मी नाही, दुसऱ्याने काढलंय. तो म्हणाला, "तुझ्या हातात आहे ना? मग तूच."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोदंडराम सरांनी नकाशा बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सुगुणा, हा ओरखडा काढून टाक. अठरा प्लॉट खातोय." मी म्हटलं, सर, नाला आहे तो. "होता," सर म्हणाले. "तुला दिसलं का पाणी? मला कोरडी जमीन दिसतेय. साइट स्वच्छ हवी. डिझाइन स्वच्छ जागेवर सुरू होतं." हे वाक्य ते कॉलेजातही शिकवायचे, आम्ही वहीत उतरून घेतलं होतं. आम्हाला सगळ्यांना तेच शिकवलेलं: पहिल्यांदा जागेची हद्द काढायची, मग आतलं सगळं पुसून कोरं करायचं, मग त्या कोऱ्यावर आपली कल्पना. कोरी जागा नसतेच हे कुणी सांगितलं नाही, आणि ज्याने आदल्या दिवशी सांगितलं त्याला वाचता येत नव्हतं. मी भांडले का? नाही. रडले का? तेही नाही, उगाच खोटं कशाला सांगू. मी ब्लेड मोडलं आणि कामाला लागले, आणि काम छान जमतंय याचा मला थोडा आनंद झाला. कागदाला एकही भोक पडलं नाही. सर म्हणाले, हात चांगला आहे तुझा. त्या शाबासकीवर मी आठवडाभर तरंगत होते. मला सगळ्यात जास्त त्याच आठवड्याचा राग येतो.

गुरुवारी सकाळी नवऱ्याला सांगितलं. गोपालकृष्ण घड्याळांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. अजून तांदळाची अक्की रोट्टी तव्यावर टाकली की मनगटाकडे बघतो. पस्तीस वर्षांत मी हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याने ऐकून घेतलं, रोट्टी उलटवली आणि म्हणाला, "तू नसतं खरवडलंस तर दुसऱ्या कुणीतरी खरवडलं असतं." मी म्हटलं, "तेच तर! मग त्याला झोप आली नसती, मला आली असती." तो हसला नाही. "कोर्टकचेरी होईल का?" "माहीत नाही." "तुझं ते जूनचं?" "जाईल बहुतेक. नाला बुजवणारीने पाण्याचा अभ्यासक्रम कसा लिहायचा?" त्याने तवा उतरवला. मग म्हणाला, "असं कर. पोरीला बाजूला घेऊन सांग. तिला कळलं की झालं. चारचौघांत कशाला?" मला ते पटलंसुद्धा. वाटलं, खरंच की, बाजूला घेऊन सांगते, ती समजूतदार आहे, माझं नाव न घेता काहीतरी जमवील. अक्की रोट्टी खाताना मी मनातल्या मनात ते वाक्यसुद्धा जुळवलं: काव्यश्री, तुला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती आपल्या दोघींतच राहू दे. दुपारी कॉलेजातून पत्ता घेतला, रिक्षा केली आणि तिच्या घरी गेले.

घर लहान, मंगळुरी कौलांचं, पुढे ओटा. भिंतीवर लाल रंगात तेरा. मागे लेआउटची उंच भिंत आणि तिच्यावरून डोकावणारे फ्लॅट. काव्यश्री कॉलेजात प्रिंट काढायला गेली होती. तिच्या आईने, रत्नम्माने, दार उघडलं, मला ओळखलं, "मॅडम!" म्हणत इतकी गडबडली की पदराने खुर्ची पुसली, मग तीच खुर्ची पुन्हा पुसली. ताक दिलं. "तुम्ही आलात, आता मला चिंता नाही," म्हणाली. मी म्हटलं, कागदाचं अजून काही ठरलेलं नाही हो. "ठरेल. माझे अप्पा सांगायचे ना! ते इथले नीरुगंटी. एक बाई आली होती म्हणायचे, शिकलेली, तिने अख्खा नाला कागदावर काढून नेलाय, मी स्वतः बोट लावून तपासलाय. लेआउटवाले माती टाकायला लागले तेव्हा गावातले सगळे म्हणाले, चला, अडवू या. अप्पांनी अडवू दिलं नाही. म्हणाले, भांडता कशाला, सरकारी कागदावर आहे, ती बाई खोटं काढणार नाही, उद्या कागद बघतील आणि माती स्वतःच उचलतील." ती भिंतीवरच्या फोटोकडे बघून बोलत होती. मी फोटोकडे बघितलं. टॉवेल खांद्यावर. "जाईपर्यंत तेच," ती म्हणाली. "घरात गुडघाभर पाणी, आणि हे खाटेवर बसून सांगतायत, कागदावर आहे, कागदावर आहे. आम्ही चिडायचो. म्हातारपणी बुद्धी फिरली म्हणायचो." तिने डोळे टिपले. "काव्याच तेवढी ऐकायची त्यांचं."

मी ताक संपवलं. अर्धं ठेवायची हिंमत झाली नाही. रत्नम्माने विचारलं, "काही सांगायचं होतं का तिला?" मी म्हटलं, उद्या सांगते, ज्युरीत. बाहेर आले. मी त्या गल्लीत उभी राहिले आणि माझ्या तळव्यांना खाली काहीही ऐकू आलं नाही. इतकी वर्षं जिथे तिथे पाणी सरकताना ऐकलं, आणि जिथे ऐकू यायला हवं तिथे सगळं मुकं. माणसं अडवायला निघाली होती. ती अडली माझ्यामुळे. ब्लेड चालवलं तेव्हा मी एक रेघ काढून टाकली एवढंच मला वाटत होतं. त्या रेघेच्या भरवशावर एक गाव गप्प बसलंय, हे मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. हे राम, मी काय केलं! हे वाक्य मी रस्त्यात मोठ्याने म्हटलं असणार, कारण शेजारचा भाजीवाला वळून बघायला लागला.

शुक्रवारी दहा वाजता ज्युरी सुरू झाली. स्टुडिओत पोरं भिंतीला टेकून बसलेली, पंख्याने कागदांचे कोपरे फडफडत होते. प्राचार्य श्रीकंठ सर दारात येऊन उभे राहिले. विद्यापीठाची समिती पुढच्या आठवड्यात येणार म्हणून ते सगळीकडे डोकावत होते. काव्यश्रीने आपले सहा तक्ते लावले आणि मधोमध तो जुना प्रिंट. बोलायला लागली. छान बोलली. वरच्या तलावाची पातळी, माती, कुठली झाडं कुठल्या ओलीला उगवतात, सगळं. बेलिअप्पाने मधेच हात वर केला. "सगळं सुंदर आहे. पण हे सगळं त्या एका डागावर उभं आहे. डाग काढून घेतला तर काय उरतं?" ती म्हणाली, "तो डाग नाही, सर." "कशावरून?" तिने माझ्याकडे बघितलं नाही, प्रिंटकडे बघितलं. "मला सिद्ध करता येत नाही, सर. पण तो डाग नाही."

मी उभी राहिले. म्हटलं, "तो डाग नाही, बेलिअप्पा. तो खरवडलेला नाला आहे. मी खरवडलाय." श्रीकंठ सर दारातून म्हणाले, "सुगुणा, काय बोलतेस?" मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. ऑफिस, सर, अर्धं पातं, नखाची पाठ, पान काढलेला बाण, सगळं सांगितलं. मुनिवेंकटप्पाचं बोटही सांगितलं. काव्यश्रीकडे बघत होते, तिच्या चेहऱ्यावर काही येईल म्हणून. राग येईल, थुंकेल, रडेल. काही तरी दे ग, असं मनात म्हणत होते. माझं बोलणं संपलं. मागच्या रांगेत एक पोरगी रडत होती, तिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. आणि खरं सांगते, छातीवरून धोंडा उतरल्यासारखं मला मोकळं मोकळं वाटलं.

काव्यश्री म्हणाली, "मॅडम, रुंदी किती होती?"

मला कळलंच नाही. "काय?" "नाल्याची रुंदी. सर्व्हेच्या नकाशावर आकडा लिहिलेला असतो ना रेघेशेजारी? तुम्ही तोही खरवडला असेल." तिचा आवाज साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा. बेलिअप्पाला एकदम समजलं. तो खुर्चीतून पुढे सरकला. "हो! नुसती मध्यरेषा पुरणार नाही. कडेपासून पुढे चाळीस फूट मोकळे सोडायला लावतात ते. घर कितीवर आहे तुझं, मध्यरेषेपासून?" "बासष्ट फूट, सर." "मग पंचवीस फुटी नाला असेल तर घर वाचलं. साठ फुटी असेल तर अर्धं जातं." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी आठवायला गेले. पातं कुठल्या कंपनीचं होतं ते आठवत होतं. त्या दिवशी मी पिवळा पंजाबी ड्रेस घातला होता. खिडकीतून भाजलेल्या शेंगांचा वास येत होता. सर किती वेळा खोकले, माझ्या बोटाला कुठे फोड आला, शाबासकी मिळाल्यावर मी कुठल्या बसने घरी गेले. आकडा नव्हता. त्या जागी काहीच नव्हतं. पस्तीस वर्षं मी त्या दिवसाला रोज तेल-पाणी केलं, आणि त्यात सगळं माझं होतं, माझी लाज, माझं ब्लेड, माझा थरकाप. नाला किती रुंद होता हे लक्षात ठेवायचं मला कधी सुचलंच नाही. "आठवून बघा, मॅडम," बेलिअप्पा हळूच म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "पंचवीसच असेल. या भागातले बहुतेक तेवढेच असतात. पंचवीस असं म्हणालात तर कुणी हरकत घेणार नाही." तो माझ्यावर उपकारच करत होता. आणि तिच्यावरही. एक शब्द, आणि भिंतीवरचा तेरा पुसला जाणार होता, रत्नम्माचं घर राहणार होतं, मुनिवेंकटप्पाचं काही तरी फिटणार होतं. माझ्या तोंडात तो आकडा आलासुद्धा. मी ओठ उघडले.

"अंदाज नको, मॅडम," काव्यश्री म्हणाली. "आठवत असेल तरच सांगा."

मी म्हटलं, "नाही आठवत."

तिने मान हलवली. खाली वाकून कंपासपेटीतून पेन काढलं, मधल्या तक्त्यावरच्या खुणांच्या सूचीपाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत लिहायला लागली. अक्षर तिचं छान आहे. मी जवळ जाऊन वाचलं. नाल्याचा मार्ग: मूळ नकाशावरून खरवडलेला, खरवडणाऱ्या व्यक्तीची साक्ष, प्राध्यापक सुगुणा, समक्ष. रुंदी: माहीत नाही. जागेवर खणून मोजावी. "आणि साठ फुटी निघाला तर?" बेलिअप्पाने विचारलं. "तुझंच घर जाईल." ती लिहिता लिहिता म्हणाली, "निघाला तर निघाला, सर." तिने पेनला टोपण लावलं आणि मला विचारलं, "सोमवारी दहाला सुनावणी आहे, मॅडम. तुम्ही याल ना?"

"येते," मी म्हटलं.